अप्पासाहेब पटवर्धन आणि मोरीतला वास

गुढीपाडव्याच्या आसपास धारूर तालुक्यातली कुलूपबंद घरे एकेक करून उघडू लागतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे पाच-सहा महिन्यांनी गावी परततात. दार ढकलले की धुळीच्या आधी वास नाकात शिरतो. तो न्हाणीघरातून येतो, कुजलेल्या अंड्यासारखा. घरात इतके महिने कोणी राहिले नाही, मोरीत कोणी पाणी सांडले नाही, संडास कोणी वापरला नाही, मग ही घाण आली कुठून? बहुतेक घरांत उत्तर शोधण्याऐवजी फिनेलची बाटली आणली जाते. दोन तास बरे जातात आणि रात्री वास पुन्हा हजर असतो.

या वासाकडे नाक दाबून न पाहता डोळे उघडून पाहणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन असे त्यांचे नाव. लोक त्यांना अप्पासाहेब म्हणत आणि कोकणचे गांधी या नावानेही ओळखत. त्यांचे बहुतेक काम रत्नागिरी आणि आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात झाले. तिथली माती लाल आणि पाऊस धो धो, तर धारूर म्हणजे बालाघाटच्या डोंगररांगेतला कोरडा मुलूख. पण मैला कुजण्याचे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत आणि अप्पासाहेबांनी आयुष्यातली कित्येक वर्षे त्या नियमांवर घालवली.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आगरगुळे गावचा. घर ब्राह्मणाचे. त्या काळी सधन घरांत आणि शहरांत टोपलीचे संडास असत. मागच्या बाजूने एक छोटे दार असे आणि त्यातून टोपली ओढून नेणारा माणूस विशिष्ट जातीतच जन्मलेला असे. घरच्यांना त्याचे तोंडही दिसू नये अशी बांधणी असायची. वास कोणाच्या वाट्याला यावा हे अशा रीतीने घराच्या आराखड्यातच ठरून जाई. ज्याच्या वाट्याला तो येत नाही त्याला त्यावर उपाय शोधण्याची गरज भासत नाही. आपल्याकडे संडासाचे शास्त्र इतकी शतके मागे राहिले, त्याचे एक मोठे कारण इथे सापडते.

अप्पासाहेब तत्त्वज्ञान शिकले. पुण्यात काही काळ त्यांनी अध्यापनही केले. सरळ त्याच वाटेने गेले असते तर एक विद्वान प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले असते. पण गांधीजींच्या विचारांनी त्यांना ओढून नेले आणि ते साबरमतीच्या आश्रमात दाखल झाले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांचाच. आश्रमात संडाससफाई आळीपाळीने सगळ्यांना करावी लागे. तिथे एक साधी गोष्ट रोज डोळ्यांसमोर घडत होती. मैल्यावर लगेच कोरडी माती टाकली की वास थांबतो, माशी बसत नाही आणि काही महिन्यांनी त्याचे खत होते. कित्येकांनी हे पाहिले आणि सोडून दिले. अप्पासाहेबांनी मात्र हा धागा सोडला नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात परतून त्यांनी खादी, अस्पृश्यतानिवारण आणि सफाईचे काम सुरू केले. १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, त्याच्या पुढाऱ्यांत ते होते आणि त्यासाठी तुरुंगातही गेले. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत विलक्षण प्रसंग मात्र मिठाचा नाही, मैल्याचा आहे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी संडाससफाईचे काम मागितले. तुरुंगातही हे काम जातीवर वाटलेले होते आणि वरच्या जातीच्या कैद्याला ते देता येत नाही, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे. इतर कैदी कष्टाचे काम टाळायला धडपडत असताना हा गृहस्थ सर्वांत नकोसे काम मिळावे म्हणून अन्न सोडून बसला. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींपर्यंत पोहोचली आणि डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनीही अप्पासाहेबांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला. सरकारने या प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो लवकरच सुटला. ज्या काळात देशात पुणे करारावर आणि मंदिरप्रवेशावर चर्चा पेटलेली होती, त्याच काळात तुरुंगातला संडास कोणी धुवायचा यावर दोन उपवास झाले, हे विसरले गेले आहे.

हे काम आपण मागून घेतल्याने प्रश्न सुटत नाही, हे अप्पासाहेबांना पुढच्या वर्षांत दिसून आले असावे, कारण त्यांच्या कामाची दिशा बदलत गेली. झाडू हातात घेणे ही सहानुभूती झाली. पण तो झाडू कोणालाच हातात घ्यावा लागणार नाही असा संडास बांधायचा, तर त्याला शास्त्र लागते. १९४८ मध्ये कणकवलीजवळ वागदे येथे गड नदीच्या काठी त्यांनी गोपुरी आश्रम उभा केला. मेलेली जनावरे सोलणे, कातडे कमावणे, खत आणि संडास, म्हणजे समाजाने ज्या ज्या कामाला नाक मुरडले ते सगळे तिथे सन्मानाने आणि प्रयोग म्हणून होत होते. भंगीमुक्ती हा शब्द त्यांनी घोषणेसाठी वापरला नाही. त्यांच्या लेखी ते बांधकामाचे काम होते.

गोपुरी संडासाची कल्पना वरवर अगदी साधी आहे. खोल खड्डा नाही, उथळ जागा दोन. एक वापरात असताना दुसरी विसावलेली. प्रत्येक वापरानंतर माती, राख किंवा पालापाचोळा टाकायचा. हवा लागत राहिल्याने आणि कोरडेपणामुळे मैल्याचे रूपांतर सोनखतात होते. सहा-आठ महिन्यांनी ते फावड्याने काढले तरी हाताला किळस वाटत नाही आणि वास तर नसतोच.

वास का नसतो, हे कळले की धारूरच्या मोरीचे कोडे अर्धे सुटते. मैला कुजवणारे जिवाणू दोन प्रकारचे असतात. हवेत जगणारे जिवाणू सेंद्रिय पदार्थाचे मुख्यतः पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि खतात रूपांतर करतात. त्यात दुर्गंध जवळजवळ नसतो. हवा नसलेल्या ठिकाणी दुसरे जिवाणू काम करतात. त्यांच्या कामातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. मिथेनला वास नाही. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा आणि तो इतका तीव्र की हवेत नाममात्र असला तरी नाकाला कळतो. म्हणजे वास हा घाणीच्या प्रमाणाचा पुरावा नाही. हवेशिवाय कुजणे चालू आहे आणि तिथला वायू घरात यायला वाट मोकळी आहे, एवढेच तो सांगतो.

अप्पासाहेबांनी दुसऱ्या प्रकारच्या कुजण्याकडेही पाठ फिरवली नाही. १९५०च्या दशकात संडासाला जोडलेल्या गॅस संयंत्राची त्यांनी रचना केली. मलप्रभा या नावाने ती ओळखली जाते. शेणाचा गोबरगॅस लोक मान्य करू लागले होते, पण माणसाच्या मैल्याचा वायू चुलीवर आणायला मन धजत नव्हते. खरे तर त्याआधी अर्धशतक, १८९७ मध्ये, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून इंजिन चालवले गेले होते. ती युक्ती संस्थेच्या आवारातच राहिली. अप्पासाहेबांना ती घराच्या मागच्या अंगणात आणायची होती. बंद टाकीत साठलेला वायू नळीने चुलीपर्यंत नेऊन जाळला की वासही जातो आणि लाकूडही वाचते.

आता घराघरांतली सेप्टिक टाकी या दोन्हींच्या अधेमधे कुठेतरी बसते, आणि तिथेच सगळी गफलत होते. टाकीची कल्पना फ्रान्सची. वेसूल गावच्या लुई मूरा यांनी १८६०च्या सुमारास घरातले सांडपाणी एका बंद टाकीत सोडून पाहिले आणि बऱ्याच वर्षांनी टाकी उघडली तेव्हा अपेक्षेपेक्षा फारच थोडा गाळ निघाला. १८८१ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. १८९५ मध्ये इंग्लंडच्या एक्झिटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी तिला सेप्टिक टँक हे नाव आणि आजचे रूप दिले. ही टाकी हवेशिवाय कुजवते. म्हणजे तिच्यात वायू तयार होणारच. गोपुरी संडासासारखी ती हवा देत नाही आणि मलप्रभासारखी वायू गोळाही करत नाही. मग तो वायू कुठे जाणार? कोणी वाट करून दिली नसेल तर ज्या नळीने पाणी आत आले त्याच नळीने उलटा घरात येणार.

त्याला अडवायला एकच पहारेकरी असतो, तोही पाण्याचा. संडासाच्या भांड्याखाली, मोरीच्या न्हाणी ट्रॅपमध्ये आणि बेसिनखालच्या वाकड्या नळीत साधारण ५ सेंटिमीटर उंचीचे पाणी सतत उभे असते. पाण्याच्या या बुचाची युक्ती १७७५ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने पेटंट केली होती. घर बंद राहिले की हे पाणी उडून जाते. मराठवाड्याच्या हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत आणि मार्चच्या उन्हात काही आठवड्यांत ट्रॅप सुकतो. टाकी आणि न्हाणीघर यांच्यात मग काहीच उरत नाही. पाडव्याला परतलेल्या घरात येणारा वास बहुतेक वेळा याच कारणाने येतो आणि त्यावर फिनेल नको, प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये आणि भांड्यात तांब्या-दोन तांबे साधे पाणी ओतणे पुरते. खिडक्या उघडून अर्धा-एक तास घर वाहते ठेवावे. पुढच्या वेळी गावाबाहेर जाताना मोरीत पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल सोडले तर तेलाचा थर पाण्याला लवकर उडू देत नाही. घरात राहणाऱ्यांनाही हे लागू आहे. पाहुण्यांसाठी ठेवलेली वरची मोरी, गच्चीवरचे न वापरलेले बेसिन आणि टँकरच्या दिवसांत पाणी वाचवताना कोरडी राहिलेली न्हाणी ही तिची नेहमीची ठिकाणे.

पाणी ओतूनही वास येत राहिला, तर दुसरी जागा पाहावी लागते. एका संडासात पाणी ओतले की दुसऱ्या मोरीतून गुडगुड आवाज येतो का, हे ऐकून पाहावे. आवाज येत असेल तर वाहत जाणारे पाणी शेजारच्या ट्रॅपमधले पाणीही ओढून नेत आहे, कारण नळीला श्वास घ्यायला वरून तोंड नाही. हे तोंड म्हणजे हवेची नळी, गवंडी तिला व्हेंट पाइप म्हणतो. टाकी घराला लागून असेल तर ही नळी गच्चीच्याही वर साधारण २ मीटर गेलेली असावी आणि वरच्या टोकाला डासांसाठी बारीक जाळी लावलेली असावी. खर्च वाचवण्यासाठी ती खिडकीच्या उंचीवर किंवा कठड्यापाशीच सोडतात, किंवा बसवतच नाहीत. हिवाळ्यात पहाटे वारा पडलेला असताना वायू खालीच रेंगाळतो आणि तेव्हाच घरात वास जास्त जाणवतो, तो या आखूड नळीमुळे.

अंगणात वास येतो तो मात्र निराळा. झाकणाच्या फटी सिमेंटने बंद न केलेल्या असतात, किंवा टाकीतून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात न जाता सरळ गल्लीतल्या उघड्या गटारात सोडलेले असते. टाकीतून निघालेले पाणी स्वच्छ नसते, ते अर्धेच कुजलेले असते. काळ्या चिकण मातीत पाणी हळू मुरते आणि कठीण खडकात शोषखड्डा खणणे महाग पडते, म्हणून लोक गटाराचा मार्ग धरतात. एका घराचा वास मग पूर्ण गल्लीचा होतो.

याच कारणाने मोरीत फिनेल, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर भरपूर ओतण्याची सवय उलटी पडते. टाकीतले जिवाणू त्याने मरतात, कुजणे मंदावते, गाळ भराभर साठतो आणि टाकी वेळेआधी भरते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू निघतो, तो धोका वेगळाच. थोडे फिनेल लादीवर पुसायला चालते, टाकीसाठी ते औषध नाही. टाकीत टाकण्याच्या पुड्या बाजारात मिळतात, पण टाकीत जिवाणू आधीपासूनच असतात, त्यांना बाहेरून बोलवावे लागत नाही.

टाकीतला गाळ साधारण दर ३ वर्षांनी काढावा लागतो. अनेक घरांत टाकी बांधल्यापासून उघडलेलीच नसते आणि वास वाढत जातो, पाणी तुंबते, मग घाईने कोणाला तरी बोलावले जाते. अप्पासाहेबांच्या आयुष्याचा हा भाग इथे सर्वांत जड वाटतो. टोपलीचा संडास गेला, पण टाकीत उतरणारा माणूस त्याच जातींतून येत राहिला. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड थोडा असला तर वास येतो, पण प्रमाण दर दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेले की नाकाची शक्तीच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. त्यापेक्षा वर गेले की काही श्वासांत माणूस कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तसाच जातो. मिथेन असल्याने आत काडी ओढून पाहणे म्हणजे स्फोटाला बोलावणे. १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी हाताने मैला साफ करवून घेण्यास बंदी घातली. टाकीत संरक्षणाशिवाय माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूंच्या भरपाईची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपयांवर नेली. कुलूप उघडल्यावर घरात येणारा वास आणि टाकीच्या झाकणाखाली माणसाला मारणारा वायू एकच आहे, एवढे लक्षात ठेवले तर घरमालक कोणाच्याही हाती बादली-दोरी देणार नाही. टाकी रिकामी करायला नगर परिषदेला कळवावे किंवा शोषपंपाची गाडी बोलवावी, नळी आत जाते, माणूस वरच उभा राहतो. झाकण काढल्यावर घरातल्यांनीही वाकून पाहू नये, मुलांना दूर ठेवावे.

अप्पासाहेबांना शेवटच्या काळात आपल्या कामाला म्हणावे तेवढे यश आले असे वाटत होते का, हे सांगणे कठीण. गोपुरी संडास देशभर पसरला नाही. माणसांना पाण्याचा संडास हवा होता, मातीचा नको होता, आणि अप्पासाहेबांच्या साधेपणाला जितके नमस्कार मिळाले तितके गिऱ्हाईक मिळाले नाही. शिवाय त्यांचे आयुष्य सत्याग्रह, खादी, भूदान, चर्मकाम अशा अनेक ठिकाणी वाटले गेले होते. १० मार्च १९७१ रोजी ते गेले. त्यांनी माझी जीवनयात्रा या नावाने आत्मचरित्र लिहिले आहे.

पण मलप्रभा मात्र वाया गेली नाही. पुणे जिल्ह्यातल्या देहू गावात डॉक्टर म्हणून काम करणाऱ्या डॉ. सुहास मापुसकर यांनी अप्पासाहेबांची रचना सुधारून गावात संडासाला जोडलेली गॅस संयंत्रे बसवली. देहूला वारीच्या दिवसांत लाखो माणसे येतात, तेव्हा शौचालयांचा प्रश्न तिथे कायमचाच. ज्या मैल्याने कॉलरा पसरायचा तोच मैला बंद टाकीत जाऊन गॅस बनला. या डॉक्टरांनी उभी केलेली संस्था आजही अप्पासाहेब पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन या नावाने ओळखली जाते. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

नवे घर बांधणाऱ्यासाठी अप्पासाहेबांच्या विचाराचा सर्वांत सोपा वारस म्हणजे दोन खड्ड्यांचा शौचकूप. विहीर किंवा बोअर दूर असेल आणि जमिनीत पाणी मुरत असेल तर तो टाकीपेक्षा स्वस्त पडतो. पाण्याचे बूच त्यातही असते. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिला दीड-दोन वर्षे मिटून ठेवायचा. वायू खड्ड्याच्या जाळीदार भिंतीतून मातीत जातो, म्हणून हवेची नळी लागत नाही. मिटलेल्या खड्ड्यातून निघते ते कोरडे, भुसभुशीत खत. धारूरच्या सीताफळांच्या झाडाखाली टाकायला ते उत्तमच.

जुन्या घरात टाकी आधीच असेल तर प्रश्न बदलत नाही. दसऱ्याला निघताना मोऱ्यांत पाणी आणि तेल, गच्चीवरची नळी, झाकणाची फट आणि शोषखड्डा, एवढ्यावर नजर टाकायला पंधरा मिनिटे लागतात.